रेनशॉसाहेबांची गिटार

— नाही नाही, बूट राहू द्या, तुम्ही तिकडे खिडकीजवळ बसा, मी इकडे बसते, म्हणजे तुमचंही दीड मीटर झालं आणि माझंही. मास्क काढायचा तर काढा, सकाळीच टेस्ट केलीय मी, एकच रेघ आली. चहा ठेवलाय, अहो घ्या हो, रॉटरडॅमहून आलात एवढे! जाहिरातीला उत्तर आलं डचमधून आणि खाली नाव बघते तर लोकेश रामटेके — मी म्हटलं, अरेच्चा, हा तर आपला माणूस. डच माणूस आला असता तर उभ्या उभ्या बघून, पैसे देऊन, पाच मिनिटांत गिटार खांद्याला लावून गेला असता. म्हणजे तेही बरंच झालं असतं म्हणा. कारण एक आधीच सांगून ठेवते — आवडली तर चार वाजायच्या आत घेऊन निघा. चारला माझी मुलगी येते शाळेतून. प्रांजली. ती यायच्या आत ही घरातून गेलेली बरी. आणि जरा हळू बोलूया, आत अरुण कॉलवर आहे. माझा नवरा. — छे हो, चोरीची नाही! असं काय बघता? दोन वर्षांत घरात बाहेरचा माणूस आला नाही, त्यामुळे बोलायची सवय गेलीय नीट, एवढंच.

ही वरच्या मजल्यावरच्या रेनशॉसाहेबांची. डग रेनशॉ. ऐकलंय नाव? नसेलच ऐकलं, मीही नव्हतं ऐकलं. पण तुमच्या ऑफिसात कुणी साठीचा डच असेल ना, त्याला विचारा, लगेच गुणगुणायला लागेल. इंग्लंडमध्ये हल नावाचं बंदर आहे, तिकडचे ते. वडील मासेमारीच्या बोटीवर. ह्यांनी पंधराव्या वर्षी गिटार धरली — बघा, पंधराव्या — आणि शनिवारी गोदीतल्या कामगारांच्या क्लबात गायला लागले. लोक बिअर पीत गप्पा मारायचे आणि हे कोपऱ्यात उभे राहून गायचे. मग विशी ओलांडल्यावर एक गाणं लिहिलं. वादळात बोटी अडकल्यात आणि बायका धक्क्यावर उभ्या आहेत, एकमेकींशी बोलत नाहीत, नुसत्या उभ्या आहेत — असं काहीसं. शब्द ह्यांचे, चाल ह्यांची, गळा ह्यांचा आणि गिटार ही. हो, हीच. तुमच्या मांडीवर आहे ती. आणि गंमत बघा, इंग्लंडमध्ये त्या गाण्याला कुणी विचारलं नाही, आणि इथे रेडिओवर एकदा लागलं आणि जे उचललं लोकांनी! टीव्हीवर बोलावलं, मासिकात फोटो आला, रस्त्यात पोरी मागे लागायच्या म्हणे. फोटो पाहिलाय मी, केस इथपर्यंत, डोळे निळे, आणि अंगात आईनं विणलेला स्वेटर. गावाकडे परत गेले की मात्र शेजारी विचारायचे, काय रे डग, कामधंदा मिळाला की नाही?

— वाजवून बघा ना. हो, बघा, पण हळू. अरुणचा कॉल — नाही, कॉलचं नाही खरं, अरुणला माहीत नाहीये ही घरात आहे ते. त्याला वाटतंय, रेनशॉ घेऊन गेले. असू दे. चहात साखर कमी आहे का?

तर पुढे काय झालं — कंपनीनं सांगितलं, आता अगदी असंच दुसरं गाणं लिही. ह्यांनी तसं लिहिलं नाही. जे लिहिलं ते कुणी घेतलं नाही. झालं, संपलं. म्हणजे तीन वर्षांत संपलं, लोकेश, आणि माणूस मात्र तिथून पुढे चाळीस वर्षं गात राहिला! साथीला वाजवणारे सोबती एकेक करून पक्क्या नोकरीला लागले. बायको होती, ती गेली — दौऱ्यावरून घरी आलो तर खिडक्यांचे पडदेसुद्धा काढून नेले होते, असं स्वतःच हसत सांगायचे. आणि हे दर हिवाळ्यात हलहून बोटीत बसायचे, सकाळी तुमच्या रॉटरडॅमला उतरायचे, आणि गावोगावच्या छोट्या छोट्या हॉलात गायचे. चर्चच्या मागची खोली, वाचनालय, कुठे चीजच्या दुकानाचा माळा. दोन तास नवी गाणी म्हणायची, लोक टाळ्या वाजवणार अगदी सभ्यपणे, आणि मनात एकच — ते गाणं कधी? शेवटी ते गाणं म्हटलं की बायका डोळे पुसणार, कोट घालणार, घरी जाणार. दरवर्षी तेच लोक. फक्त दरवर्षी थोडे कमी. मी एकदा विचारलं त्यांना, कंटाळा नाही येत तेच म्हणायचा? तर म्हणाले, मृदुला, तू रोज भात करतेस, तुला येतो का? मी म्हटलं, येतो की! तर इतके हसले, इतके हसले, की खोकला लागला आणि शेजारच्या बाल्कनीतली म्हातारी घाबरून आत पळाली. तेव्हा खोकला म्हणजे काय होतं, आठवतंय ना?

कारण ते ब्रेक्झिटच्या आधी इथेच राहायला आले होते, आमच्या डोक्यावर. उद्या दर कार्यक्रमाला परवाना लागायला लागला तर काय, म्हणून. आले, स्थिरस्थावर झाले, आणि कोरोना आला. सगळे कार्यक्रम पुढे ढकलले. वसंतातले शरदात, शरदातले पुढच्या वसंतात, आणि मग त्याच्याही पुढे. लोकांनी तिकिटं परत नाही केली, चांगले लोक, जपून ठेवली — त्यातले काही स्वतःच गेले. तेव्हा हे संध्याकाळी बाल्कनीत येऊन गायला लागले. आणि आमची प्रांजली, जी माणूस आला की पडद्यामागे जाते, वर्गात हात वर करत नाही म्हणून दरवेळी शिक्षक मला ऐकवतात, जी आमच्याशी मराठीत बोलत नाही आणि डचमध्येही बोलत नाही — ती खालच्या बाल्कनीत जाऊन मान वर करून उभी. रोज. एक दिवस वरून दोरी आली. कपडे वाळत घालायची दोरी, आणि तिला ही गिटार बांधलेली, पेटीसकट, हळूहळू खाली. त्यांच्याकडे दुसरी होती. ते वर वाजवणार, ही खाली. त्यांची बोटं तिला दिसायची नाहीत, नुसतं ऐकून शोधायची. शिकवणी म्हणा, काय म्हणा. आम्हाला बरंच वाटलं हो तेव्हा! पोर घरात कोंडलेली, निदान काहीतरी करतेय. अरुणनं तर त्यांना लॅपटॉपवर कार्यक्रम लावून दिला, घरबसल्या लोकांनी ऐकायचा. आणि पहिल्याच दिवशी काय झालं — त्या ॲपला वाटलं गिटार म्हणजे मागचा गोंगाट. आवाज साफ करायची सोय असते ना त्यात, ती अरुणनं मुद्दाम चालू ठेवली होती, ऑफिसातली सवय. माणूस गातोय आणि गिटार गायब! चाळीस वर्षं जिच्यावर गायला ती कचरा म्हणून गाळून टाकली. कुणाला कळेना काय बिघडलं. प्रांजली उठली, एक बटण बंद केलं आणि परत जाऊन बसली.

— हं? हा डाग? नाही हो, तडा नाही तो. लाकूड खराब नाही झालेलं. मी तेल लावून पुसून बघितलं, जात नाही. कुंकू आहे. — म्हणजे… सांगते. तुमच्याकडे करतात की नाही मला माहीत नाही, आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा करतात. माझे बाबा छापखान्यात होते, त्या दिवशी यंत्राला हार, हळदकुंकू, आणि दिवसभर यंत्र बंद. इथे आमचं पोट लॅपटॉपवर. तर पाटावर अरुणचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप, माझी सुरी — हो, सुरी, मी म्हणते स्वयंपाकावरही पोट चालतं — आणि सायकली खाली दारात. गेल्या ऑक्टोबरात मी निरांजन लावून वळले, तर पाटावर दोन लॅपटॉपच्या मध्ये ही. तिनं आणून ठेवलेली. आणि बाजूला उभी, मान खाली. अरुण म्हणाला, हे कुणाचं पोट आहे? थट्टेनंच म्हणाला. आता मी काय करणार सांगा. हातात कुंकवाचं बोट, समोर ती. उचलून बाजूला ठेवली असती तर रडली असती, नाहीतर — ती रडतही नाही, तीच तर पंचाईत आहे. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, आणि लावलं. लावलं कुंकू. फूल वाहिलं. आणि तिनं माझ्याकडे बघितलं ना, लोकेश, तेव्हाच मला कळलं की मी काहीतरी भलतंच कबूल करून बसलेय.

कारण इथली शाळा तुम्हाला अजून माहीत नसेल, घरात मुलं लहान असतील तर. इथे पंधराव्या वर्षीच ठरवतात. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की आर्ट्स, तसं. एकदा गणित-फिजिक्स सोडलं की सोडलंच समजा. ह्या जानेवारीत ऑनलाइन मीटिंग होती, शिक्षिका म्हणाल्या, प्रांजलीनं फार विचारपूर्वक निवड केलीय — मला आणि अरुणला पत्ताच नाही! — तिला संगीताकडे जायचंय. गणितात दहापैकी नऊ आहेत हो तिला! अरुण म्हणाला, तिचं मन आहे, बघू. मी म्हटलं, बघू म्हणजे काय? वर राहतोय की आपल्या, बघ ना. तुला चाळीस वर्षांनंतरचं बघायला मिळतंय, फुकटात, एक जिना चढून. त्यांचं शेवटचं गाणं कुठे झालं सांगू? मागच्याच महिन्यात, दुकानं उघडली, केस कापायची दुकानं उघडली, आणि हॉल बंदच ठेवले, आठवतंय? तेव्हा निषेध म्हणून हॉलवाल्यांनी स्टेजवरच केस कापायच्या खुर्च्या मांडल्या. तिथे बोलावलं त्यांना. प्रांजलीला घेऊन गेले होते मी. तीन माणसं गळ्याला फडकं बांधून आरशासमोर, कात्री चाललीय, खाली केस पडतायत, आणि मागे हे उभे राहून तेच गाणं म्हणतायत. लोकांना फार गंमत वाटत होती. टीव्हीवाले आले होते, त्यांनी केस कापणाऱ्याची मुलाखत घेतली. आणि मी माझ्या पोरीकडे बघतेय, म्हटलं आता तरी कळेल हिला. तर ती — तिच्या तोंडावर असं काही होतं — मला नाही सांगता येत. मला भीती वाटली, एवढंच सांगते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ते गेले. हलला, बहिणीकडे. आता बोटं वळत नाहीत म्हणाले, दोन. जायच्या दिवशी प्रांजली शाळेत. हे खाली आले, ही पेटी हातात, दारातच ठेवली आणि मागे सरकले, दीड मीटर. म्हणाले, ही तिची. मी म्हटलं, अहो नको, एवढी मोठी वस्तू, तुमचं सगळं आयुष्य — तर म्हणाले, दोन वर्षांत त्या मुलीनं मला ते गाणं एकदाही म्हणायला सांगितलं नाही.

— हो. तिची. म्हणजे — हो. ऐकलंत तेच. आता लपवून काय करू. मी जाहिरातीत लिहिलं शेजाऱ्यांची आहे, ते खोटं नाही, पण… ती तिची आहे. आणि तिला माहीत नाही. मी खाली, सायकली ठेवायची आमची खोली आहे ना तळघरात, तिथे जुन्या गादीमागे ठेवली, आणि ती आल्यावर सांगितलं, ते घेऊन गेले. तुला बाय सांगितलंय. ती म्हणाली, ओके. एवढंच. आता त्या ओकेचं मी काय करू? डचमध्ये ओके, इंग्रजीत ओके, मराठीतही ओके. अहो, मी काही राक्षसीण नाही. मला गाणं आवडत नाही असंही नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण संध्याकाळी मी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसायची, तिथल्या हवेच्या झरोक्यातून वरचं स्वच्छ ऐकू यायचं. त्यांची सगळी गाणी पाठ आहेत मला. कुणी न घेतलेली. ती जास्त चांगली आहेत हो, त्या एका गाण्यापेक्षा कितीतरी चांगली! आणि म्हणूनच तर. चांगली असून कुणी घेतली नाहीत, म्हणून तर! वाईट असती तर मी म्हटलं असतं, त्यांचं नाही जमलं, हिचं जमेल. पुढच्या आठवड्यात शाळेला पक्कं कळवायचंय. ही घरातून गेली असली की निदान — निदान समोर नसेल.

तुम्ही कुणासाठी घेताय, ते विचारलंच नाही मी. स्वतः वाजवता? — मुलीसाठी? हो का. काय नाव? धम्मदीपा. छान आहे. किती वर्षांची — आठ! अहो, आठ वर्षांच्या मुलीला ही मांडीवर तरी मावेल का? छोटी घ्या ना, छोट्या मिळतात. — तिनं फोटो बघून हीच पाहिजे म्हटलं? आणि तुम्ही लगेच रजा टाकून मेट्रोत बसलात? बायको काही म्हणाली नाही? — हं. हसताय. नाही, मी काही म्हणत नाही. चांगलंय. चांगलंय हो.

— आई गं! टोचलं? बघू. रक्त आलं का? थांबा, कागद देते. कशानं टोचलं? तार? वरच्या टोकाला? असं कसं, रेनशॉ तर तारेची टोकं अगदी खुंटीपाशी कापून टाकायचे, त्यांना एवढंसंही बाहेर राहिलेलं खपायचं नाही. दाखवा. हे… हो, ही तर सगळीच टोकं बाहेर आलीत. नवीन तारा आहेत ह्या. बघा की, चमकतायत. मी खाली नेऊन ठेवली तेव्हा अशा नव्हत्या. तेव्हाच मी फोटो काढला ना जाहिरातीसाठी, थांबा, मोबाइलमध्ये आहे — हे बघा, काळपट. ह्या काळपट आहेत ना? मग ह्या कुणी —

वाजवा जरा परत. सगळ्या तारा एकदम. — सुरात आहे.

तळघरात किती गारठा असतो. रेनशॉ म्हणायचे, थंडीत दोन दिवस ठेवली तरी सूर उतरतो. आणि ही सुरात आहे. संध्याकाळी ती खाली जाते, लोकेश. सायकलीत हवा भरायला. मी म्हणायची, अगं रोज कशी हवा जाते, बाबाला बघायला सांग. ती म्हणायची, ओके. तासाभरानं वर यायची तेव्हा बोटं लालभडक, मी म्हणायची हातमोजे घाल. जेवायला बसायची. समोर बसायची माझ्या, वरणभात खायची, मी विचारायची आज शाळेत काय झालं, आणि ती सांगायचीसुद्धा थोडंफार. तिला माहीत होतं. पहिल्यापासून. मी खोटं बोलले ते माहीत होतं, कुठे ठेवलीय ते माहीत होतं, आणि मला — मला लाज वाटू नये म्हणून खाली गादीवर बसून, अंधारात, थंडीत — आणि आज मी ती वर आणली. आज खाली गेली असती आणि गादीमागे हात घातला असता, तर…

नाही, थांबा. थांबा, ती पेटीत घालू नका. पैसे ठेवा तुम्ही, खिशात ठेवा आधी. तुमच्या धम्मदीपाला दुसरी मिळेल, मावेल अशी. मी शोधून देईन, मला जाहिराती वाचता येतात आता. रागावू नका. एवढ्या लांबून आलात आणि मी — हो, माझंच चुकलं, तुमची माफी मागते, पण आता वाद घालू नका. खाली दार वाजलं. आली ती. अरुणला हाक मारू का — नको, असू दे, आधी मीच. जिन्यात भेटेल तुम्हाला, नुसतं हाय म्हणा, दुसरं काही बोलू नका, ती परक्या माणसासमोर एक शब्द बोलत नाही, आणि आज तिला बोलायला लागणार आहे. मलाही. — ती तशीच ठेवा सोफ्यावर. दारातून दिसेल अशी. हो, तिथे. कोट घ्या तुमचा. निघा आता, दार लोटू नका, उघडंच राहू द्या.